गिअरबॉक्समधील लाल तेल



देवगड-निपाणी रस्त्याने जाणारी एसटी जामसंडे, शिरगाव, नांदगाव मागे टाकते आणि फोंड्यानंतर घाटाला लागते. या वेळी चालकाकडे जरा लक्ष द्या. डावा पाय क्लचच्या पॅडलवर, डावा हात गिअरच्या दांड्यावर आणि कान इंजिनाच्या आवाजाकडे. चढ वाढला, इंजिन दमू लागले, की तो पाय दाबतो, दांडा खालच्या गिअरमध्ये ओढतो आणि पाय अलगद सोडतो. दाजीपूरच्या माथ्यावर पोहोचेपर्यंत ही कसरत कितीतरी वेळा होते.

त्याच घाटातून जाणाऱ्या काही घरगुती मोटारींत मात्र क्लचचे पॅडलच नसते. दांड्याजवळ पी, आर, एन, डी अशी अक्षरे असतात. दांडा डी या अक्षरावर ठेवला की पुढचे गिअर आपोआप पडतात. एके काळी आपल्याकडच्या अँबॅसडर आणि फियाट गाड्यांत गिअर हातानेच टाकावा लागे. आज 'ऑटोमॅटिक' गाड्या देवगडसारख्या तालुक्याच्या गावीही दिसतात.

मग चालकाचा डावा पाय, डावा हात आणि कान यांचे काम या गाडीत कोण करते? तुम्ही म्हणाल, संगणक. हे उत्तर निम्मे बरोबर आहे. संगणक हुकूम सोडतो. तो बजावण्याचे काम करते गिअरबॉक्समधील पाच-सहा लिटर तेल. हे तेल बदलायचे की नाही, बदलायचे तर कधी आणि कसे, याविषयी घरात आणि गॅरेजात पुष्कळ मतभेद ऐकू येतात. कोणी म्हणतो, हे तेल जन्मभराचे असते. कोणी म्हणतो, जुने तेल काढले की गिअरबॉक्स बिघडतो. या मतांची पारख करायची असेल तर ते तेल आत नेमके काय करते, हे आधी समजून घेतले पाहिजे.

समोरासमोर ठेवलेले दोन पंखे

टेबलावरचे दोन पंखे समोरासमोर ठेवा. एक चालू करा. दुसऱ्याची पिन काढलेलीच असू द्या. थोड्याच वेळात दुसऱ्या पंख्याची पातीही फिरू लागतील. दोघांमध्ये ना पट्टा, ना दाते, ना दांडा. पहिल्या पंख्याने हवेला वेग दिला आणि त्या हवेने दुसऱ्याच्या पात्यांना ढकलले. आता हवेच्या जागी तेल आणा आणि दोन्ही पंखे एका बंद डब्यात अगदी जवळजवळ बसवा. झाले आपल्या यंत्राचे मूळ रूप तयार!

इंजिनाला जोडलेले पात्यांचे चाक तेल बाहेरच्या बाजूला भिरकावते. ते तेल समोरच्या चाकाच्या पात्यांवर आदळून त्याला फिरवते. हे दुसरे चाक गिअरमार्फत गाडीची चाके फिरवते. गाडी सिग्नलला उभी राहिली तर दुसरे चाक थांबते, पहिले तेलात फिरत राहते आणि इंजिन बंद पडत नाही. क्लचच्या पॅडलची गरज संपली ती इथे.

या दोन चाकांच्या मध्ये तिसरे एक लहान चाक असते. दुसऱ्या चाकातून परत येणाऱ्या तेलाची दिशा ते वळवते, त्यामुळे ते तेल पहिल्या चाकाला अडवण्याऐवजी मदत करते. परिणामी, गाडी जागची हलताना फिरवण्याचा जोर सुमारे दुप्पट होऊ शकतो. या तीन चाकांच्या रचनेला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. तिची कल्पना १९०५ साली हेरमान फोटिंगर या जर्मन अभियंत्याने मांडली, आणि तीही मोटारीसाठी नव्हे तर जहाजासाठी. जहाजाचे वाफेचे टर्बाइन फार वेगाने फिरते, पण पाण्यातील पंखा सावकाश फिरायला हवा. या दोघांची जुळणी त्याला तेलाच्या साहाय्याने करायची होती. पुढे १९३९ साली अमेरिकेतील जनरल मोटर्सने 'हायड्रामॅटिक' हा पूर्ण आपोआप चालणारा गिअरबॉक्स मोटारीत आणला. त्यात दोनच पात्यांच्या चाकांची साधी जोडणी होती. तीन चाकांचा टॉर्क कन्व्हर्टर त्यानंतर मोटारींत रूढ झाला.

तेव्हा तेलाचे पहिले काम लक्षात ठेवा: इंजिनाची शक्ती चाकांकडे वाहून नेणे.

तेलाचा हात

दुसरे काम हुकूम बजावण्याचे. बंद जागेतील द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा नियम तुम्ही शिकला आहात. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये एक पंप तेलाला दाब देतो. संगणकाच्या इशाऱ्याने बारीक झडपा उघडतात, मिटतात आणि दाबाचे तेल योग्य दट्ट्यामागे जाते.

हा हात किती बळकट असतो? दाब चौरस सेंटिमीटरला १० किलोग्रॅम वजनाइतका आणि दट्ट्याचे क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर मानू. दोघांचा गुणाकार येतो १,००० किलोग्रॅम. म्हणजे एक टन वजनाइतका जोर एका तबकडीएवढ्या दट्ट्यावर! या जोराने क्लचच्या चकत्या एकमेकींवर दाबल्या जातात आणि गिअर पडतो.

पण हे गणित तेलात हवा नसेल तरच खरे. द्रव दाबला जात नाही म्हटले तरी चालेल. हवा मात्र सहज दाबली जाते. तेलात फेस झाला तर पंपाचा बराचसा जोर बुडबुडे दाबण्यातच जातो. चकत्या सैल पकडतात, घसरतात, तापतात. गिअरबॉक्समध्ये तेल कमी असेल तर पंप तेलाबरोबर हवा ओढतो. तेल जास्त झाले तर फिरणारे भाग त्यात बुडून, रवीने ताक घुसळावे तसे ते घुसळतात, आणि फेस होतो. म्हणूनच या तेलाची पातळी 'अंदाजे' चालत नाही. 'थोडे जास्त असले तर बिघडत नाही' हा स्वयंपाकघरातला नियम इथे लागू नाही.

घर्षण हवे, पण बेताचे

तिसरे काम सर्वांत गमतीचे आहे. वंगण म्हणजे घर्षण कमी करणारा पदार्थ, अशी आपली समजूत असते. दातेरी चाके आणि बेअरिंग यांच्यासाठी ती खरी आहे. पण त्याच तेलात क्लचच्या चकत्याही बुडलेल्या असतात, आणि त्यांना तर एकमेकींना पकडायचे असते. एकाच तेलाने एका ठिकाणी घसरू द्यायचे आणि दुसऱ्या ठिकाणी पकडू द्यायचे, अशी ही दुहेरी मागणी आहे.

त्यातही पकड कशी हवी? खडू फळ्यावर किंचाळतो तो का, याचा विचार करा. खडू क्षणभर फळ्याला चिकटतो, मग सुटून घसरतो, पुन्हा चिकटतो. स्थिर अवस्थेतील घर्षण गतीतील घर्षणापेक्षा जास्त असल्यामुळे ही चिकट-घसर चालते. क्लचच्या चकत्यांनी असेच केले तर गिअर पडताना गाडी थरथरेल. हे टाळण्यासाठी तेलात असे पदार्थ मिसळतात, की त्यांचे रेणू चकत्यांच्या पृष्ठभागावर पातळ थर धरतात आणि स्थिर घर्षण वाजवीपेक्षा वाढू देत नाहीत. मग पकड गुळगुळीत बसते.

जनरल मोटर्सने १९४९ साली अशा तेलासाठी 'टाइप ए' नावाचे प्रमाण ठरवले. त्या काळी घर्षण आटोक्यात ठेवणारा हा पदार्थ स्पर्म व्हेल या महाकाय देवमाशाच्या तेलापासून मिळे. १९७० साली अमेरिकेने या देवमाशाला संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत घातले आणि त्या तेलाचा मार्ग बंद झाला. रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधावे लागले. वाळवंटी प्रदेशात वाढणाऱ्या होहोबा या झुडपाच्या बियांतील द्रव मेणाची रचना देवमाशाच्या तेलाशी जुळते, असे आढळले. शिवाय प्रयोगशाळेत बनवलेले पदार्थही वापरात आले. गिअर अलगद पडावा यासाठी समुद्रातील एवढा मोठा प्राणी मारला जात होता, हे आज किनाऱ्यावर राहणाऱ्या आपल्याला खरेही वाटणार नाही.

फोंडा घाटाचा हिशेब

तेलाचे चौथे काम उष्णता वाहून नेण्याचे. ते किती मोठे आहे, हे आकड्यांनीच पाहू.

माणसे आणि सामानासह गाडीचे वस्तुमान १,४०० किलोग्रॅम आणि घाटात चढलेली उंची ५०० मीटर मानू. गुरुत्व त्वरण सोयीसाठी १० घेतले तर स्थितिज ऊर्जा = १,४०० × १० × ५०० = ७० लाख ज्यूल.

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये दोन चाकांचा वेग सारखा नसतो. तेलाची घसर होते. सपाट रस्त्यावर वेगाने जाताना आतला एक क्लच दोन्ही चाके एकत्र बांधून टाकतो आणि घसर थांबते. पण घाटात, कमी वेगात आणि वळणावळणांवर, ही गाठ वारंवार सुटते. अशा वेळी गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या ऊर्जेपैकी १५ टक्के ऊर्जा उष्णतेत जाते असे धरू. ७० लाख ज्यूल हे उरलेले ८५ टक्के. म्हणजे आत गेलेली ऊर्जा सुमारे ८२ लाख ज्यूल आणि वाया गेलेली सुमारे १२ लाख ज्यूल. हवेचा आणि रस्त्याचा विरोध आपण धरलेलाच नाही.

ही उष्णता आधी तेलात येते. सहा लिटर तेलाचे वस्तुमान साधारण ५ किलोग्रॅम, आणि एक किलोग्रॅम तेल एक अंशाने तापवायला सुमारे २,००० ज्यूल लागतात. म्हणजे सर्व तेल एक अंशाने तापवायला १०,००० ज्यूल. बारा लाखांना दहा हजारांनी भागा. उत्तर येते १२० अंश! तळाशी तेल ४० अंश सेल्सिअस असेल, तर ते थंड करण्याची सोय नसल्यास माथ्यावर १६० अंशांवर जाईल.

प्रत्यक्षात तसे होत नाही, कारण काही उष्णता गिअरबॉक्सचे धातूचे कवच घेते आणि बरीचशी तेलाच्या कूलरमधून बाहेर जाते. म्हणून तापमान बहुतेक वेळ ८० ते ९५ अंशांच्या आसपास राहते. पण कूलरच्या जाळीत चिखल, पाचोळा अडकला, किंवा मे महिन्याच्या दुपारी भरलेली गाडी घाटातील रांगेत थांबत-थांबत चढली, की हा समतोल ढळतो.

अढीतला आंबा आणि तापलेले तेल

हापूसच्या बागाईतदाराला ठाऊक असते की अढीतला आंबा उबेत लवकर पिकतो आणि गारव्यात सावकाश. रासायनिक क्रियांचा वेग तापमानाबरोबर झपाट्याने वाढतो. स्वीडिश शास्त्रज्ञ अऱ्हेनियस याने १८८९ साली या वाढीचे सूत्र मांडले. ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी वाढले की क्रियेचा वेग दुपटीच्या आसपास जातो.

तेलाचे ऑक्सिडीकरण ही अशीच क्रिया आहे. ९० अंशांना तेल ज्या वेगाने जुने होते, त्याच्या दुप्पट वेगाने १०० अंशांना, चौपट वेगाने ११० अंशांना आणि सोळापट वेगाने १३० अंशांना जुने होईल. म्हणजे १३० अंशांवर घालवलेला एक तास हा ९० अंशांवरील सोळा तासांच्या बरोबरीचा! ऑक्सिडीकरणाने तेलात आम्ल आणि चिकट राळ तयार होते. राळ बारीक झडपांच्या वाटेत साचते. घर्षण सांभाळणारे पदार्थ संपत जातात. तेलाचा दाटपणा टिकवणारे लांब रेणू दात्यांमध्ये चिरडून तुटतात.

आता 'जन्मभराचे तेल' या म्हणण्याकडे वळू. काही गाड्यांच्या पुस्तिकेत साधारण वापरात हे तेल बदलण्याची गरज नाही असे लिहिलेले असते. काहींच्या पुस्तिकेत ४० हजार, ६० हजार किंवा एक लाख किलोमीटरची मुदत दिलेली असते. पण पुष्कळ पुस्तिकांत 'खडतर वापर' असे वेगळे कलम असते आणि तिथे मुदत कमी केलेली असते. खडतर वापर म्हणजे काय, ते वाचा: डोंगरी रस्ते, उष्ण हवा, पूर्ण भार, वारंवार थांबत चालणे. मित्रहो, हे वर्णन कोणत्या प्रदेशाचे आहे? आपल्याकडच्या गाडीने कोणते कलम पाळावे, हे वेगळे सांगायला नको.

कोकणात आणखी एक धोका आहे, तो पाण्याचा. गिअरबॉक्समधील हवा तापून फुगते आणि निवून आकसते, म्हणून तिला श्वास घ्यायला एक बारीक नळी ठेवलेली असते. जुलैत पाणी भरलेल्या मोरीवरून गाडी नेली आणि तापलेला गिअरबॉक्स एकदम निवला, तर या नळीच्या उंचीपर्यंत आलेले पाणी आत ओढले जाऊ शकते. क्लचच्या चकत्यांवरील अस्तर कागदासारख्या तंतूंचे असते. ते पाणी शोषते आणि त्याचा चिकटवा सुटू लागतो. तेल दुधाळ गुलाबी दिसले तर किलोमीटर मोजत बसू नये, गाडी ताबडतोब दाखवावी.

आधी गिअरबॉक्स ओळखा

सर्व 'ऑटोमॅटिक' गाड्या आतून सारख्या नसतात. २०१४ साली मारुती सुझुकीच्या सेलेरिओ गाडीबरोबर आपल्याकडे एएमटी हा स्वस्त प्रकार आला. त्यात गिअरबॉक्स नेहमीचाच असतो. फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम एक यंत्र करते. त्यात टॉर्क कन्व्हर्टर नाही, म्हणून लाल तेलही नाही. त्याला गिअर ऑइल लागते. सीव्हीटी या प्रकारात दोन शंकूच्या आकाराच्या पुल्यांवर पोलादी पट्टा चालतो. तिथे धातूने धातूला पकडायचे असते, म्हणून त्याचे तेल निराळे. दोन क्लच असलेल्या डीसीटीचे तेल आणखी निराळे.

यांत अदलाबदल करून चालत नाही. सीव्हीटीत साधे लाल तेल घातले तर पट्टा घसरून पुल्या खरवडल्या जातील. म्हणून डब्यावरचा रंग पाहून तेल निवडू नका. पुस्तिकेत दिलेले प्रमाणाचे नाव डब्यावरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळवून पाहा. लाल रंग हा तर केवळ मुद्दाम मिसळलेला रंग आहे. गाडीखाली पडलेला थेंब इंजिनाचा की गिअरबॉक्सचा, हे कळावे एवढाच त्याचा उपयोग.

तेल बदलताना

हे काम जाणत्या मेकॅनिकचे आहे. तुम्ही मात्र शेजारी उभे राहून प्रत्येक पायरीमागचे कारण ओळखू शकता. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरायचे नाही. गाडी भक्कम स्टँडवर किंवा रॅम्पवरच हवी.

पहिली पायरी: गाडी थोडी चालवून तेल कोमट करतात. ४० अंशांना या तेलाचा जो दाटपणा असतो, तो १०० अंशांना साधारण पाचव्या भागावर येतो. या दाटपणाला भौतिकीत श्यानता म्हणतात. कोमट तेल चांगले वाहते आणि तळाचा गाळही सोबत आणते. पण फार गरम तेल हात भाजते, म्हणून कोमटच बरे.

दुसरी पायरी: खालचा बोल्ट काढून तेल भांड्यात घेतात. ते किती निघाले, हे मापाने मोजून लिहून ठेवावे. तेलाचा वासही घ्या. जळका वास आणि काळा रंग म्हणजे चकत्या तापल्याची खूण. तळाच्या तबकात लोहचुंबक असतात. त्यांवर करड्या रंगाचा मऊ लेप दिसला तर ती नेहमीची झीज. टोचणारे धातूचे कपटे दिसले तर दुखणे खोल आहे.

तिसरी पायरी: गाळणी बदलण्याजोगी असेल तर ती आणि तबकाचे गॅस्केट बदलतात. बोल्टचा वायसर नवा घालतात आणि बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या जोरानेच आवळतात. कवच ॲल्युमिनियमचे असते. जास्त जोर लावला तर आटे जातात.

चौथी पायरी: जेवढे निघाले तेवढेच नवे तेल भरतात. मग ब्रेक दाबून धरून इंजिन चालू करतात आणि दांडा प्रत्येक अक्षरावर थोडा वेळ ठेवतात. त्यामुळे रिकाम्या वाटांत तेल पोहोचते.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची पायरी: पातळी पाहणे. तेल तापले की फुगते. एक लिटर तेल एक अंशाने तापले तर सुमारे ०.७ मिलिलिटर वाढते. सहा लिटर तेल ४० अंशांवरून ९० अंशांवर गेले तर वाढ होईल ६ × ०.७ × ५० = २१० मिलिलिटर, म्हणजे एक पेलाभर. म्हणूनच मोजपट्टीवर गार आणि गरम अशा दोन निरनिराळ्या खुणा असतात. नव्या पुष्कळ गाड्यांत मोजपट्टी नसते. गाडी सपाट जागी उभी करून, तेल पुस्तिकेत दिलेल्या तापमानाला आले की पातळीचा बोल्ट उघडतात. तेल बारीक धारेने येऊन थेंब-थेंब होऊ लागले की पातळी बरोबर. इंजिन चालू ठेवून पाहायचे की बंद करून, हेही पुस्तिकेतच पाहावे. सर्व गाड्यांचा नियम एक नाही. तापमान न पाहता पातळी ठरवणारा मेकॅनिक भेटला तर हा पेलाभराचा हिशेब त्याला नम्रपणे दाखवा.

उरलेल्या जुन्या तेलाचे गणित

खालचा बोल्ट काढला तरी सर्व तेल निघत नाही. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, कूलरमध्ये आणि नळ्यांमध्ये बरेच अडकून राहते. समजा, सहा लिटरांपैकी २.४ लिटर निघाले, म्हणजे ४० टक्के. मग नव्या मिश्रणात ६० टक्के तेल जुनेच आहे. काही दिवस गाडी चालवून पुन्हा तसेच बदलले तर उरेल ६० टक्क्यांचे ६० टक्के, म्हणजे ३६. तिसऱ्या वेळी उरेल २१.६ टक्के. ही भूमितीय श्रेढी आहे. जुने तेल दर वेळी कमी होते, पण या पद्धतीने शून्यावर कधीच येत नाही.

काही गॅरेजात यंत्राने सर्व तेल एकदम बदलतात. ते पुस्तिकेला मान्य असेल तर हरकत नाही. पण वर्षानुवर्षे तेल न बदललेल्या गिअरबॉक्समध्ये दाबाने धुलाई केली तर साचलेला गाळ सुटून झडपांच्या अरुंद वाटेत अडकू शकतो. 'तेल बदलले आणि गिअरबॉक्स गेला' या तक्रारीत तथ्य असलेच तर ते इतकेच. शिवाय अशा गाड्यांपैकी कित्येकांच्या चकत्या आधीच झिजलेल्या असतात आणि गाडी घसरू लागल्यावरच मालकाला तेलाची आठवण होते. झिजलेली चकती नव्या तेलाने भरून येत नाही. दोष तेल बदलण्याचा नव्हे, उशिरा बदलण्याचा असतो. गिअरबॉक्स उघडण्याचा खर्च तेलाच्या खर्चाच्या अनेक पट असतो, हे घरात सांगायला विसरू नका.

जळके तेल कुठे जाते?

भांड्यात काढलेल्या जळक्या तेलाचे पुढे काय? कोणी ते गटारात ओततो, कोणी कुंपणाच्या खांबांना वाळवीवर उपाय म्हणून फासतो, कोणी मोकळ्या कातळावर टाकतो. आपला जांभा दगड सच्छिद्र आहे. पावसाळ्यात त्यातून झिरपणारे पाणी विहिरीला मिळते, आणि वाहणारे पाणी व्हाळातून खाडीला.

तीन लिटर तेल पाण्यावर एक मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतक्या जाडीने पसरले तर किती जागा व्यापेल? आकारमानाला जाडीने भागा: ३,००० चौरस मीटर. कबड्डीचे पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. म्हणजे एका गाडीचे तेल सुमारे २३ मैदाने झाकील. ज्या खाडीत कालवे आणि माशांची पिल्ले वाढतात, तिच्यावर असा तवंग यायला नको. आपल्या देशात २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली वापरलेले तेल अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जायला हवे. घरच्यांनी ते झाकणाच्या डब्यात भरून, असे तेल गोळा करणाऱ्या सर्व्हिस सेंटरला परत द्यावे. गोळा झालेले तेल शुद्ध करून पुन्हा वंगण म्हणून वापरता येते.

करून पाहा

१. उंच काचेच्या मोजपात्रात एरंडेल घ्या. सायकलच्या बेअरिंगची एक लहान गोळी वरून सोडा आणि ती तळाला पोहोचायला लागलेला वेळ मोजा. गोळी लोहचुंबकाने बाहेर काढा. आता मोजपात्र गरम पाण्याच्या भांड्यात काही वेळ ठेवून एरंडेल तापवा; ते ज्योतीवर धरू नका. ३०, ४०, ५० आणि ६० अंशांना वेळ मोजून तापमान आणि वेळ यांचा आलेख काढा. तो सरळ रेषेत येतो का?

२. वापरलेल्या आणि नव्या तेलाचा एकेक थेंब टीपकागदावर टाका आणि दुसऱ्या दिवशी पाहा. नव्या तेलाचा डाग एकसारखा पसरतो. वापरलेल्या तेलाच्या मध्यभागी काळपट वर्तुळ दिसले तर ते कशाचे असेल?

३. एका गिअरबॉक्समधील निम्मे तेल एका वेळी बदलता येते. जुन्या तेलाचे प्रमाण १० टक्क्यांच्या खाली आणायला ते किती वेळा बदलावे लागेल? उत्तर काढा, आणि मग घरच्या किंवा शेजारच्या गाडीची पुस्तिका मागून घेऊन तिच्यात खडतर वापराचे कलम कोणत्या पानावर आहे, ते शोधा.